तासगावकर अण्णांचा खांब

तासगावकर अण्णांच्या घरी तारीख बघायची असेल तर उकिडवं बसावं लागे. कॅलेंडर जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलेलं. घड्याळ पाटावर. देवांच्या तसबिरी कोपऱ्यातल्या बुटक्या चौरंगावर दाटीवाटीनं उभ्या. आरसासुद्धा खालीच, त्यामुळं अण्णा रोज सकाळी मांडी घालून, पंगतीला बसल्यासारखे दाढीला बसायचे. कोट खुर्चीच्या पाठीवर, टोपी कोटावर, छत्री कोपऱ्यात उभी. आम्हां सगळ्यांच्या घरातल्या भिंती खिळ्यांनी आणि खुंट्यांनी भरलेल्या असायच्या. अण्णांच्या भिंतीत औषधाला एक खिळा नव्हता.

"वस्तूनं जमिनीवर उभं राहावं," अण्णा म्हणायचे. "लटकू नये. लटकलेली वस्तू नजरेला टोचते."

हे ते अगदी गंभीरपणे सांगायचे. अण्णा सगळंच गंभीरपणे सांगायचे. उंच, किंचित वाकलेले, कानावर नेहमी पेन्सिल. ऑफिसात ते मुख्य नकाशेवाले होते आणि घरातही त्यांचं बोलणं पट्टी लावून रेघ मारल्यासारखं असे. हसणाऱ्या माणसाकडं ते रागानं बघत नसत. याला नेमकं काय कळलं नाही, याचा विचार करत बघत.

सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी लग्न होऊन वाईहून कोयनानगरच्या वसाहतीत आले होते. हे प्रकल्पाच्या हिशेब शाखेत होते. मोठा भूकंप होऊन गेला होता, पण लहान धक्के चालूच असायचे. मांडणीतली भांडी वाजली की नवीन माणूस दाराकडं पळायचा आणि जुना माणूस आधी दुधाचं पातेलं धरायचा. आम्हाला मिळालेलं घर म्हणजे एका बंगल्याचा निम्मा भाग. धरणाचं काम जोरात होतं तेव्हा बाहेरून आलेल्या कुठल्याशा बड्या साहेबासाठी तो बंगला बांधला होता. भूकंपात त्याची एक बाजू गेली. जे उरलं त्याची डागडुजी करून दोन बिऱ्हाडं केली. एक अण्णांचं, एक आमचं.

बंगल्याची वाटणी करताना एक घोटाळा झाला होता. साहेबाचं जे प्रशस्त न्हाणीघर, ती झाली अण्णांची बैठकीची खोली. त्याच्या पलीकडची कपडे बदलायची चिंचोळी जागा, ती झाली आमची मोरी. न्हाणीघरातलं बाकी सगळं उपटून काढलं, पण एक वस्तू तशीच राहिली. गिझर.

आता घरोघरी असतात तसला तो नव्हता. पांढऱ्या पत्र्याचा, एखाद्या धट्ट्याकट्ट्या माणसाच्या धडाएवढा. पोटावर लाल दिवा, आणि खाली तांब्याच्या दोन नळ्या पायांसारख्या लोंबत होत्या. हातही नाहीत, डोकंही नाही, असा कुणी भिंतीला अडकवून ठेवावा तसा तो अण्णांच्या खुर्चीच्या बरोबर वर होता. त्याचे बोल्ट दगडी भिंतीतून आरपार गेले होते. आणि त्याचं गरम पाणी यायचं ते आमच्या मोरीत. आमच्या बाजूला तो हलवावा म्हटलं, तर मोरी एवढीशी की गिझर आत घ्यायचा तर माणसानं बाहेर राहायचं.

त्यामुळं आमची सकाळ अण्णांच्या हातात असे. मी तांब्यानं भिंतीवर टकटक करायची. पलीकडून अण्णा बटन दाबायचे आणि सांगायचे, "लावला." पाणी काढून झालं की मी पुन्हा टकटक करायची. "बंद केला." अण्णा स्वतः मात्र बारा महिने गार पाण्यानं आंघोळ करायचे, कारण गरम पाण्याचा नळ त्यांच्या बाजूला नव्हताच. माझ्या मनात आलं, हा माणूस आपल्या डोक्यावर दुसऱ्याचं पाणी तापवतो, आणि जमिनीवर न ठेवता येणारी त्याच्या घरातली एकुलती एक वस्तू तीच आहे.

ती झाकण्यासाठी अण्णांनी काय काय केलं ते मी पाहिलंय.

मी आले तेव्हा गिझरला खोळ होती. चादरीची, स्वतः शिवलेली, खाली नाडी. पण त्यामुळं तो पूर्वीपेक्षा भयंकर दिसे. एखाद्या दुखणाईताला भिंतीवर बांधून ठेवल्यासारखा. शिवाय खोळ एका बाजूनं करपायला लागली. अण्णांनी ती काढली आणि गणपतीच्या दिवसांत कामट्यांचं मखर केलं. त्याला रंगीत कागद, कमान, दोन्ही बाजूंना नक्षी. नकाशे काढणारा हात. काम देखणंच झालं.

तेव्हा आमच्याकडं पाटणच्या बाजूच्या एका वाडीवरून हौसाबाई दूध घालायला यायची. तिनं दारातून ते मखर पाहिलं, डोक्यावरची दुधाची कासंडी खाली ठेवली आणि पदर सावरून आत आली.

"अण्णा, ह्यो देव कुठला म्हनायचा?"

"देव नाही, हौसाबाई. गिझर आहे."

"असंल. आमच्याकडं न्हाई ह्यो." तिनं हात जोडले. मग निरखून पाहत म्हणाली, "पोटात दिवा जळतोय. जागृत हाय जनू."

दुसऱ्या दिवसापासून ती दुधाबरोबर एक फूल आणायला लागली. अण्णांनी तिला दोनदा समजावून सांगितलं, तिनं दोन्ही वेळा मान डोलावली आणि फूल ठेवलं. मग शेजारच्या ओळीतल्या दोघीतिघी येऊन गेल्या. एकीनं तर सासूच्या गुडघ्यांसाठी काहीतरी पुटपुटलेलं मी ऐकलं. अण्णांनी त्या संध्याकाळीच मखर सोडवलं.

"उद्या कुणी नवस बोलेल," ते मला म्हणाले. "आणि पुरा झाला नाही तर त्या बाईनं कुणाला विचारायचं?"

वसाहतीत अण्णांवर लोक हसत. मीही हसे. पण त्या मखराच्या वेळी मी यांच्यापाशी हसले, तेव्हा यांनी मला खाली बसवून जे सांगितलं त्यानंतर माझं हसू कमी झालं.

अण्णा एकटे राहायचे, पण ते एकटे नव्हते. त्यांची बायको सांगलीला भावाकडं होती. भूकंप झाला तेव्हा दोघं जुन्या क्वार्टरमध्ये होती. पहाटेची वेळ. अण्णा बाहेरच्या नळावर गेले होते. ते घागर भरत असतानाच धक्का बसला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत घराची भिंत आत बसली. वहिनी खाली सापडल्या. उजाडून उन्हं वर येईपर्यंत अण्णा हातांनी दगड उपसत होते. वहिनी जिवंत निघाल्या. खांदा मोडला होता, तो सांगलीच्या दवाखान्यात जुळला. त्या तिकडं गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

"डोक्यावर काही लटकलेलं त्यांना सहन होत नाही म्हणे," हे म्हणाले. "म्हणून अण्णांनी घर असं केलंय. घर नीट झालं की मंडळींना आणतो म्हणतात. दर महिन्याला सांगलीला जातात आणि एकटेच परत येतात."

वसाहतीत सगळ्यांचं हेच मत होतं. बाई कायमची भ्याली. काहीजण पुढं जाऊन म्हणत, एवढं भिऊन कसं चालेल, आमच्याही बायका इथं राहतातच की.

पुढच्या वर्षी मी बाळंतपणासाठी वाईला गेले आणि पाऊस सरता सरता मंजूला घेऊन परत आले. कोयनेचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको, आणि न पाहिलेल्याला सांगून पटत नाही. दुपट्यांना बुरशी यायची. सरपण ओलं, रॉकेल मिळता मिळायचं नाही. त्या दिवसांत गिझर नसता तर मी पोरीला कशी न्हाऊ घातली असती, कुणास ठाऊक. आता मी टकटक करायच्या आधीच पलीकडून आवाज यायचा, "लीलाताई, तापत ठेवलाय."

मी परतले तेव्हा अण्णांच्या बैठकीच्या खोलीत एक खांब उभा होता.

मला आधी कळलंच नाही. खोली मोठी, मोकळी, आणि भिंतीला लागून एक भरदार चौकोनी खांब, फरशीपासून छतापर्यंत. भिंतीचाच रंग, तळाशी बसकण, वर साधीशी कंगणीची पट्टी. असं वाटावं की बंगला त्याच्यावरच उभा आहे. यंत्रं ज्या खोक्यांतून येत त्यांच्या फळ्या मागून आणून, रंधून, जोडून, फटींत लांबी भरून, घासून, वर डिस्टेंपर मारून अण्णांनी तो केला होता. त्याचा नकाशासुद्धा काढला होता, समोरून, बाजूनं आणि छेद घेऊन. एका बाजूला बटनापाशी हात जाईल एवढं दार होतं, तेही बंद केलं की दिसेनासं होई.

"अण्णा, गिझर गेला कुठं?"

"आत आहे." अण्णांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा समाधान पाहिलं. "पण आता तो लटकत नाही, लीलाताई. उभा आहे."

"आता वहिनी येतील?"

"दिवाळीला आणतो मंडळींना," अण्णा म्हणाले. मग खांबावरून तळहात फिरवत, जणू त्यालाच सांगावं तसं म्हणाले, "आता आणायला हरकत नाही."

नवरात्रात एका दुपारी धक्का बसला. नेहमीपेक्षा जरा जोराचा. मी मंजूला उचलून अंगणात आले. ओळीतली सगळी माणसं बाहेर होती, कुणी जेवणाच्या हातानं, कुणी अंगाला साबण लावलेलं. रविवार होता, अण्णा घरी होते, पण ते बाहेर दिसेनात. मी दारातून डोकावले. अण्णा दोन्ही हात पसरून खांबाला छातीशी धरून उभे होते. पाय रोवलेले, डोळे मिटलेले. धक्का केव्हाच थांबला होता.

"अण्णा, बाहेर या."

त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा हाक मारली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि वर पाहिलं. मग हळूहळू हात सोडले. शर्टाला आणि तळव्यांना डिस्टेंपरचा पांढरा रंग लागला होता. ते अंगणात आले आणि काहीच झालं नाही असं सगळ्यांशी बोलले, पण घागरीपाशी रंग निघून गेल्यावरही ते तळवे धूतच राहिले. मला नवल वाटलं. ज्या वहिनींना त्या वस्तूची भीती, त्या तर सांगलीला होत्या.

त्या धक्क्यानंतर घरांची पाहणी झाली. मोठे साहेब दोन ओव्हरसियर बरोबर घेऊन घराघरांतल्या चिरा बघत फिरत होते. आमच्या घरातून ते अण्णांकडं गेले, हेही बरोबर गेले. पुढचं मला यांनीच सांगितलं.

साहेब खोलीच्या मधोमध थांबले. हातातला नकाशा उलगडला. खांबाकडं पाहिलं, पुन्हा नकाशाकडं पाहिलं.

"तासगावकर, हा खांब यात नाही."

"नाही साहेब."

"पण इथं आहे."

"हो साहेब."

"काय उचलतो हा?"

"काहीच नाही," अण्णा म्हणाले. "तो नुसता उभा आहे."

एका ओव्हरसियरनं बोटांनी वाजवून पाहिलं. खांब पिंपासारखा वाजला. मग अण्णांनी बाजूचं दार उघडून दाखवलं आणि आतला गिझर पाहून साहेबांना हसू आवरेना. माणूस वाईट नव्हता. त्यांनी कारागिरीचं कौतुक केलं, नकाशा मागून पाहिला, त्यातली एक रेघ चुकलीय का तेही पाहिलं, चुकली नव्हती. पण शेवटी म्हणाले, "तासगावकर, आत वीज आणि बाहेर सुकं लाकूड. पेटलं तर दोन्ही घरं जातील, आणि पलीकडं तान्हं मूल आहे. दोन्ही ठेवता येणार नाही. खांब हवा असेल तर गिझर काढून न्यायला सांगतो, उद्या माणसं पाठवतो. तुम्हीच ठरवा."

हे म्हणाले, "मला वाटलं, आता अण्णांचं काम झालं. गिझरच गेला की सगळी कटकट मिटली. आणि अण्णा एवढा वेळ त्या भिंतीकडं बघत राहिले. आपली मंजू रडत होती तेव्हा इकडं. मग म्हणाले, खांब काढतो साहेब."

संध्याकाळी पलीकडून फळ्या उचकटल्याचा आवाज यायला लागला. मी मंजूला काखेत घेऊन गेले. अण्णा खिळे एकेक करून डबीत ठेवत होते.

"अण्णा, गिझर काढू द्या. मी चुलीवर तापवीन पाणी."

"लाकडं ओली आहेत."

"पण वहिनी दिवाळीला यायच्यात ना?"

"पुढं बघू," अण्णा म्हणाले. "त्यांना तिकडं बरं आहे. घर अजून नीट झालेलं नाही." आणि मंजूकडं न बघता म्हणाले, "तिला गार पाणी सोसायचं नाही. आता हा विषय नको, लीलाताई."

गिझर पुन्हा उघडा झाला, त्याच्या पोटातला दिवा पुन्हा दिसायला लागला. अण्णांनी त्याच्यावर परत काही घातलं नाही. त्याच्याखालची खुर्ची मात्र उचलून दाराजवळ ठेवली. त्या महिन्यात ते सांगलीला गेले नाहीत.

दिवाळी चारसहा दिवसांवर आली असेल. दुपारी मी अंगणात दुपटी वाळत घालत होते. एक ठेंगणी, रुंद हाडाची बाई एका हातात ट्रंक, काखेत वळकटी आणि खांद्याला पिशवी घेऊन चढ चढून आली. कपाळावर मोठं कुंकू, घामानं थोडं पसरलेलं. तिनं ट्रंक खाली ठेवली आणि डावा खांदा चोळला.

"तासगावकर इथंच राहतात ना? मी त्यांच्या घरातली. किल्ली कुठं ठेवतात?"

किल्ली आमच्याकडंच असायची, पण माझा हात पुढं होईना. आता ही बाई दारात पाऊल टाकणार, समोर तो गिझर, आणि ती किंचाळत बाहेर येणार, हेच मला दिसत होतं. मी म्हटलं, "वहिनी, आधी आमच्याकडं या. चहा टाकते."

"चहा घेईन. आधी घर बघते."

मी घाबरत घाबरत कुलूप उघडलं. वहिनी आत गेल्या. खाली मांडलेलं घड्याळ, कॅलेंडर, आरसा, देव, सगळं त्यांनी उभ्यानंच पाहिलं. ओठांवर पदर धरला. हसू होतं की काय होतं मला कळलं नाही. मग त्यांची नजर वर गेली. मी मंजूला छातीशी घट्ट धरलं.

वहिनी गिझरपाशी गेल्या. टाचा उंच करून त्याच्या पोटावर बोटानं टिचकी मारली.

"हाच का तो?" त्या म्हणाल्या. मग खांद्यावरची पिशवी काढून त्याच्या एका नळीला अडकवली, दाराजवळची खुर्ची ओढत आणून बरोबर त्याच्याखाली ठेवली आणि बसल्या. "बसमध्ये कराडपासून उभी होते. पाय गेले नुसते."

माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कसली?"

"लटकलेल्या वस्तूंची. सगळे म्हणतात, त्यामुळंच तुम्ही..."

"असं सांगतात होय ते?" वहिनींनी चेहऱ्यावरचा घाम पुसला. त्यांना राग आला नव्हता. "सांगू देत. मला कसली भीती? मी खाली होते, मला काय दिसत होतं? डोळ्यांत माती. बाहेर उभं राहून बघितलं ते त्यांनी. भिंत पडताना बघितली त्यांनी, दगड काढले त्यांनी. खांदा माझा मोडला, पण तो जुळला."

त्या थांबल्या. मंजूनं त्यांच्या बांगड्यांकडं हात केला होता, तो त्यांनी बोटात धरला.

"दर महिन्याला यायचे आणि म्हणायचे, पुढच्या खेपेला नेतो. मी ट्रंक भरायची. मग येऊन म्हणायचे, अजून एक गोष्ट राहिलीय. मी ट्रंक रिकामी करायची. मला वाटायचं, मनातून उतरले की काय मी. विचारायची सोय नाही. त्या दिवसाचं नाव काढलं की उठून चालायला लागतात. या महिन्यात आलेच नाहीत. मग वसाहतीतला एकजण सांगलीला आला होता, त्यानं हसत हसत त्या खांबाची गोष्ट भावाला सांगितली. मी आतून ऐकली आणि ट्रंक भरली."

"अण्णांनी आमच्या मंजूसाठी खांब काढला, वहिनी."

"तेही ऐकलं. ते ऐकूनच निघाले," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, माणूस होता तसाच आहे."

बातमी ऑफिसात कशी पोचली ठाऊक नाही, पण अण्णा सुटायच्या वेळेआधीच आले. दारात येऊन थांबले. हातात डबा, कानावर पेन्सिल, पायांत चपला तशाच. वहिनींकडं आधी त्यांनी पाहिलंच नाही. त्यांच्या डोक्याच्या वर पाहिलं. अण्णांचा चेहरा एवढा पांढरा झाला की मी मंजूला घेऊन बाजूला सरकले.

"तिथून ऊठ," ते म्हणाले. आवाज अगदी खाली.

"का?"

"आधी ऊठ. इकडं बाहेर बस. मी खुर्ची आणतो."

"मघापासून इथंच बसलेय. काही झालं नाही."

"अगं, ते वर..."

"माहीत आहे वर काय आहे. त्याला माझी पिशवीसुद्धा अडकवलीय. तुम्ही आत या."

अण्णा आत येईनात. चौकटीला हात धरून उभे राहिले. एवढा उंच माणूस, पण त्या वेळी मला तो नळावर गेलेला आणि घागर तिथंच टाकून पळत सुटलेला माणूस दिसला. वसाहतीतल्या कुणालाच तो कधी दिसला नव्हता. आम्ही सगळे सांगलीच्या बाईची भीती चघळत बसलो होतो.

वहिनी उठल्या नाहीत. त्यांनी बसल्या बसल्याच हात लांब करून दुसरी खुर्ची ओढली आणि आपल्या खुर्चीला लावून ठेवली.

"या," त्या म्हणाल्या. "दमून आलात."

बऱ्याच वेळानं अण्णांनी चपला काढल्या. गिझरवरची नजर न काढता, ओढ्याच्या पाण्यातून चालावं तसं एकेक पाऊल टाकत ते आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. वहिनींनी त्यांच्या हातातला डबा काढून घेऊन खाली ठेवला. अण्णांचे हात मांडीवर तसेच राहिले.

मी निघायला हवं होतं, निघालेही होते. दारात चपला शोधत होते, आणि मंजू काही केल्या वहिनींची एक बांगडी सोडायला तयार नव्हती म्हणून त्यांनी ती तिच्या हातात दिली होती, ती काढून घ्यावी की नको अशा विचारात होते. त्यामुळं पुढचं मला ऐकू आलं.

"त्या दिवशी तुम्ही हाका मारत होतात ना," वहिनी म्हणाल्या.

अण्णांनी उठायची हालचाल केली. वहिनींनी त्यांच्या बाहीला धरलं.

"बसा. एवढं ऐका. त्या सगळ्या मला ऐकू येत होत्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. तोंडात माती होती, ओ देता येत नव्हती. पण ऐकू येत होतं. म्हणून मी जागी राहिले."

अण्णा अजून वरच बघत होते. "मला वाटलं, तू..." ते म्हणाले आणि थांबले.

"ठाऊक आहे काय वाटलं ते. आधी नुसतं अगं, अगं करत होतात. मग सुमती म्हणालात. आणि शेवटी शेवटी यमू म्हणून हाक मारलीत." वहिनींनी त्यांची बाही अजून सोडली नव्हती. "माझं माहेरचं नाव. लग्नात बदललं तेव्हापासून कुणी घेतलं नव्हतं. तुम्हाला ते ठाऊक आहे हेच मला ठाऊक नव्हतं."

"तुझ्या आईनं सांगितलं होतं," अण्णा म्हणाले. "बघायला आलो होतो तेव्हा."

"मग इतकी वर्षं कधी म्हणाला नाहीत."

अण्णांनी पहिल्यांदाच वरची नजर काढली आणि बायकोकडं पाहिलं. मग अण्णांनी अगदी हळू, कुणी ऐकेल की काय अशा बेतानं, ते नाव घेतलं.

वहिनींनी ओ दिली.